याकूबचाचांनी खोडलेले वाक्य

आमच्या रांगेत एक गृहस्थ रोज सकाळी साडेनऊ वाजता आकाशाकडे पाहून हजेरी देतात.

पेटी खाली ठेवायची, गोणपाट अंथरायचे, त्यावर मांडी घालून बसायचे आणि मान वर करून खणखणीत आवाजात म्हणायचे, “हाजिर हूँ, मालिक!” एकदाच. मग पेटीचे झाकण उघडते आणि दिवस सुरू होतो. मी ही हजेरी प्रथम ऐकली तेव्हा माझी अशी समजूत झाली की सदर गृहस्थ मला उद्देशून बोलत आहेत. रांगेतील सर्वांत जुना मी. नवीन येणारा मला विचारून बसतो, असा येथील प्रघात आहे. सबब मी मान हलवून, “ठीक आहे, बसा,” असे उत्तरही दिले. ते माझ्याकडे वळून अत्यंत आदबीने हसले आणि म्हणाले, “मेहेरबानी.” पुढे काही दिवसांनी मला उलगडा झाला की मी दुसऱ्याच्या नावे आलेला अर्ज मंजूर करून बसलो होतो.

हे याकूबचाचा. नाशकातील एका सरकारी कचेरीच्या कुंपणभिंतीला लागून आम्हा लोकांची रांग आहे. त्या रांगेत ते चष्मे दुरुस्त करतात. मोडलेली काडी, पडलेला स्क्रू, निसटलेली काच, नाकावर रुतणारी फ्रेम, असे सर्व. मी अर्जलेखक. माझे शिक्षण नववीपर्यंत झाले असले, तरी माझ्या हातचा अर्ज वाचून “हा कोण्या वकिलाने लिहिला काय?” असे आत विचारले गेल्याचे प्रसंग आहेत, व ते एकाहून अधिक आहेत. माणसांची दुःखे योग्य त्या शब्दांत बसविणे हाच माझा व्यवसाय असल्याने मनुष्यस्वभावाविषयी मी अधिकाराने बोलू शकतो. त्या अधिकारात सांगतो, याकूबचाचांसारखा मनुष्य माझ्या पाहण्यात दुसरा नाही.

पहिली गोष्ट म्हणजे ते फाटकाकडे पाठ करून बसतात.

याचे गांभीर्य आमच्या व्यवसायात नसलेल्यास कळणार नाही. आम्हा सर्वांचे डोळे दिवसभर फाटकावर असतात. चांदवडची एसटी आली, चार माणसे उतरून कचेरीकडे वळली, की रांगेतील प्रत्येक मान त्या दिशेला फिरते. येणाऱ्याच्या पिशवीत कागद आहेत की मेथीची जुडी, हे मी पन्नास पावलांवरून सांगू शकतो. आणि हे गृहस्थ त्या वेळी भिंतीकडे तोंड करून एखाद्या म्हातारीच्या चष्म्याची काच फडक्याने पुसत असतात.

“चाचा,” मी एकदा समजावून सांगितले, “तोंड इकडे करून बसा. गिऱ्हाईक येताना दिसेल.”

“मी पाहिल्यावर तो जलद चालेल काय?”

“तसे नव्हे. पण कोण येते आहे हे आपल्याला आधी कळते.”

“मला कळून काय करू, रायटरसाहेब? ज्यानं पाठवलंय त्याला माहीत आहे. वो डिपार्टमेंट ऊपर का है.”

हे त्यांचे नेहमीचे वाक्य. धंदा कसा आहे? वो डिपार्टमेंट ऊपर का है. पुढच्या आठवड्यात कचेरीला सलग सुट्ट्या आहेत, कसे होणार? वो डिपार्टमेंट ऊपर का है. आता लोक मोबाइलवरूनच अर्ज भरू लागले, इकडे कोण फिरकणार? या शेवटच्या प्रश्नाने माझी स्वतःची झोप उडालेली असताना चाचांनी मात्र तेच उत्तर दिले आणि वर मलाच विचारले, “तुमचं जेवण झालं का?”

यावरून कोणी त्यांना आळशी समजेल, तर तो गैरसमज वेळीच दूर केलेला बरा. सायखेड्याचे एक निवृत्त गुरुजी घाईत आले होते. त्यांच्या चष्म्याचा स्क्रू चाचांनी बसविला, गुरुजींनी चष्मा उचलून नाकावर ठेवला, तर चाचा म्हणाले, “थांबा, अजून एक आटा बाकी आहे.” गुरुजी म्हणाले, “राहू द्या हो, देवाच्या भरवशावर चालेल.” असे म्हणताच चाचांनी हात लांब करून चष्मा थेट गुरुजींच्या नाकावरून काढून घेतला.

“गुरुजी, स्क्रू ढिला सोडून त्याच्या भरवशावर नाही टाकायचं. ते त्याला फसवणं झालं. पहले कसो, फिर भरोसा करो.”

गुरुजी चष्म्याविना डोळे किलकिले करून पाहत राहिले. आयुष्यभर मुलांचे कान धरलेल्या माणसाला कोणी असे धरले नसावे. चाचांनी स्क्रू कसला, काडी तीन वेळा उघडून मिटवून पाहिली, आणि मग चष्मा स्वतःच्या हाताने त्यांच्या नाकावर बसविला. गुरुजी गेल्यावर ते मला म्हणाले, “आमच्यात याला तवक्कुल म्हणतात. हात हलवायचे आपण. पोचवायचं त्यानं. लोक काय करतात, हातही त्याच्यावरच सोडतात. आणि काही लोक...” येथे त्यांनी माझ्याकडे पाहिले. “काही लोक हात पण हलवतात आणि पोचवायची काळजी पण स्वतःच करतात. डबल ड्यूटी!”

मी त्या वेळी फाटकाकडे पाहत होतो, त्यामुळे उत्तर दिले नाही.

दिवाळीत कचेरीला चार दिवस टाळे असते. एका दिवाळीत घरी करमेना, म्हणून मी सहज इकडे आलो, तर ओसाड रांगेत एकटे याकूबचाचा. पेटी उघडी, फडके हातात, पाठ फाटकाकडे.

“अहो चाचा, आज कोण येणार?”

“काय माहीत.”

“कचेरी बंद, रस्ता रिकामा. मग बसलात कशाला? तुमच्याच म्हणण्याप्रमाणे त्याला द्यायचे असेल तर तो घरपोचही देईल.”

“देईल ना. त्याला काय अवघड आहे? पण घरी लोळत बसून घ्यायला मला शरम वाटेल. चिमणीलासुद्धा तोच देतो, पण ती सकाळी घरट्यातून निघते की नाही? भुकेली निघते, पोट भरून परत येते. आमच्या पैगंबरसाहेबांनी सांगितलेली गोष्ट आहे ही. चिमणी काही कचेरीला सुट्टी आहे का पाहून निघत नाही.”

संध्याकाळपर्यंत कोणीही आले नाही. मी मुद्दाम थांबलो होतो, कारण माणसाचा सिद्धांत समक्ष पडताना पाहण्याची संधी वारंवार येत नाही. चाचांनी शांतपणे पेटी आवरली. चेहऱ्यावर नावालाही खंत नाही. मी विजयी मुद्रेने म्हणालो, “काय चाचा, गेला ना दिवस फुकट?” ते गोणपाट झटकत म्हणाले, “आजचं त्याच्याकडे जमा आहे. फाइल बंद नाही झाली.” अशा माणसाशी वाद घालणे म्हणजे भिंतीवर अर्ज चिकटवून उत्तराची वाट पाहणे होय.

खरी कसोटी आली ती प्रकाशच्या रूपाने. प्रकाश हा एकलहऱ्याचा, चाळिशीचा गृहस्थ. तेथील वीजकेंद्रात एका कंत्राटदाराकडे होता. कंत्राट संपले आणि त्याचे कामही संपले. एके दिवशी हा प्रकाश तयार वाचनाच्या चष्म्यांचा स्टँड घेऊन आला आणि चाचांपासून चार पावलांवर उभा राहिला. चार पावलांवर! मोडका चष्मा दुरुस्त करणारा येथे, नवा चष्मा विकणारा तेथे. सगळी रांग श्वास रोखून पाहू लागली. मी चाचांना बाजूला घेऊन सांगितले की या प्रकाराविरुद्ध हरकतीचा अर्ज मी विनामोबदला लिहून देतो. माझ्या कारकिर्दीत असे मी कोणालाही म्हटलेले नाही.

“हरकत कुणाची?” चाचांनी विचारले.

“तुमची!”

“माझी तर काही नाही. तुमची आहे काय?”

आणि त्यानंतर या मनुष्याने जे केले ते मी डोळ्यांनी पाहिले नसते तर लिहिले नसते. एक बाई चष्म्याचे दोन तुकडे घेऊन आल्या. चाचांनी तुकडे उन्हात धरून पाहिले व म्हणाले, “बाई, हा जोडला तर आठ दिवसांत परत मोडेल. तिकडं प्रकाशभाऊंकडून नवा घ्या.” एवढ्यावर न थांबता, “आणि प्रकाशभाऊ, बाईंच्या नाकाला जरा सैल पडेल, द्या इकडं, मी बसवून देतो.”

प्रकाशलाही हे पचले नाही. दुसऱ्या दिवशी तो माझ्या टेबलापाशी येऊन हळूच म्हणाला, “अण्णा, म्हातारा डोक्यानं ठीक हाय ना? स्वतःचं गिऱ्हाईक मला देऊन ऱ्हायला.”

चाचांचे कान तिखट. भिंतीकडे तोंड ठेवूनच ते म्हणाले, “तुझं गिऱ्हाईक चुकून माझ्याकडं आलं होतं, बाबा. पत्ता सांगितला, बस्स.”

“लय भारी हाय हे,” प्रकाश म्हणाला. त्या दिवसापासून तोही त्यांना चाचा म्हणू लागला. दिवसाकाठी दहा वेळा हाक मारायचा. चाचा, बारीक पेचकस द्या. चाचा, चहा सांगितलाय. चाचा, हा माणूस म्हणतो चष्म्यातून दोन-दोन साहेब दिसतात, बघा बरं.

असे आमचे बरे चालले असताना नोटीस आली. सिंहस्थासाठी शहरभर रस्त्यांची कामे निघाली होती. आमच्या भिंतीलगतचा रस्ताही रुंद होणार होता. रांग उठणार. मात्र कचेरीच्या आवारात पत्र्याची एक शेड होती, तिच्यात काही जणांना बसण्याची परवानगी मिळणार होती. ज्याला हवी त्याने कारणासह लेखी अर्ज करावा, मुदतीनंतर आलेला अर्ज विचारात घेतला जाणार नाही, असे नोटिशीत होते.

आठ दिवस मी मान वर केली नाही. सगळ्या रांगेचे अर्ज मी लिहिले. प्रकाशचा लिहिला, माझा स्वतःचा लिहिला. एकटे याकूबचाचा शेवटचा दिवस उजाडला तरी ढिम्म. मी स्वतःहून त्यांचा अर्ज तयार केला, दुपारी चार वाजता त्यांच्यापुढे ठेवला आणि म्हणालो, “येथे सही करा. पाचला खिडकी बंद होते.”

त्यांनी पेटीतून भिंग काढले व अर्ज वाचावयास घेतला. माझे अर्ज कोणी वाचत नाही. सही करतात आणि घेऊन जातात. हा मनुष्य एकेका अक्षरावर भिंग ठेवत पुढे सरकत होता. मध्येच थांबला.

“हे काय लिहिलंय?”

मी पाहिले. वाक्य असे होते: ‘सदर जागा हेच माझ्या उपजीविकेचे एकमेव साधन असून ती गेल्यास मजवर उपासमारीची वेळ येईल.’

“हे वाक्य लागतेच,” मी म्हणालो. “या वाक्याने लोकांना रेशनकार्डे मिळाली आहेत, घरकुले मिळाली आहेत. हे माझे हुकमी वाक्य आहे.”

“असेल. पण खोटं आहे. ये लाइन काटो.”

“चाचा!”

“एकमेव साधन म्हणजे ही भिंत काय? सत्तर वर्षं झाली, त्यानं मला एक दिवस विसरलं नाही. आणि मी लिहून देऊ, सहीनिशी, की भिंत गेली तर मी उपाशी मरणार? ही तर त्याच्याविरुद्ध तक्रार झाली! आणि ती पण त्याच्याच नोकराच्या नोकराकडं.”

त्यांनी माझाच पेन घेतला आणि ती ओळ खोडली. पस्तीस वर्षांत माझ्या लिखाणावर रेघ मारणारा हा पहिला माणूस. पुढे ‘आपणच आता माझे अन्नदाते आहात’ असे होते. तेही खोडले. ‘माझी दया येऊन’ यावर त्यांनी थोडा विचार केला. “दया करायला हरकत नाही, पण मागायची त्याच्याकडं,” असे म्हणून तेही खोडले. शेवटी अर्जात त्यांचे नाव, पत्ता आणि ‘आपला विश्वासू’ एवढेच उरले.

“आता या अर्जात काय राहिले?” मी संतापून विचारले. साडेचार होत आले होते.

“खरं तेवढं राहिलं.”

प्रकाश स्टँड सोडून धावत आला. “चाचा, सही करा ना बाबा! सगळे हेच लिहितेत. अल्ला काय अर्ज वाचायला येतोय इथं?”

“तोच तर वाचतो. साहेब कुठं वाचतात?”

मी नवा कागद घेतला. “ठीक आहे. उपासमार नको, अन्नदाता नको, दया नको. पण नोटिशीत ‘कारणासह’ असे आहे. कारण सांगा. तुमची रोजी तो कोठेही पोचविणार, यात आपणास शंका नाही ना? मग ही शेड कशाला हवी? बसा कोठेही. देवळापाशी, एसटी स्टँडवर, तुमच्या मोहल्ल्यातल्या दूधबाजारात. बसा!”

हे मी फार मोठ्याने बोललो. चाचांनी फडके उचलले, आणि हातात कोणाचाही चष्मा नसताना ते काच पुसल्यासारखे करीत राहिले. मग ते प्रथमच, मी त्यांना ओळखतो तेव्हापासून प्रथमच, फाटकाकडे तोंड करून बसले.

“रोजी तर देईल तो, कुठंही,” ते म्हणाले. “त्याचा सवाल नाही. पण रायटरसाहेब, बिवी गेली तिला सहा वर्षं झाली. एक मुलगी मालेगावला, एक भिवंडीला. संध्याकाळी घरी गेलो ना, की दुसऱ्या दिवशी इथं येईपर्यंत मला कोणी हाक मारत नाही. मोहल्ल्यात सलाम-दुआ होते, मशिदीत होते. पण नाव घेऊन, कामाशिवाय, ‘ओ चाचा’ म्हणून... ते इथं आहे. दुसरीकडं बसलो तर गिऱ्हाईक येईल. भाऊ म्हणेल, मामा म्हणेल. चष्मा घेईल आणि जाईल.”

जरा थांबून ते म्हणाले, “हे कारण चालत नसेल तर राहू द्या.”

प्रकाश दुसरीकडे पाहू लागला. मी अर्ज लिहिला. तो मला आजही जसाच्या तसा पाठ आहे, कारण असा अर्ज मी आधी लिहिला नव्हता: ‘अर्जदार यांस सदर ठिकाणी परिचित लोक नावाने हाक मारतात. अन्यत्र अशी सोय नाही. सबब आवारात एक पेटी मावेल एवढी जागा मिळावी, ही विनंती.’

चाचांनी भिंग लावून तीनही ओळी वाचल्या, “हे खरं आहे,” म्हणाले आणि सही केली. पाचला चार मिनिटे असताना प्रकाशने तो खिडकीत दिला.

आठवड्याने यादी लागली. माझे नाव होते, प्रकाशचे होते, चाचांचे नव्हते. ते यादीसमोर क्षणभर उभे राहिले आणि म्हणाले, “ठीक आहे. वो डिपार्टमेंट...” आणि वाक्य तसेच सोडून पेटी उचलू लागले. मी त्यांना थांबविले व सरळ आत गेलो. साहेबांच्या पुढ्यात तो अर्ज होता. ते म्हणाले, “अहो, मी वाचला. दोनदा वाचला. पण शेडमध्ये जागाच उरली नाही. तुमचेच टेबल केवढे आहे, पाहा की.”

माझे टेबल साडेपाच फूट लांब होते. त्या लांबीवर माझा जीव होता, हे मी नाकारत नाही. मी तेथेच कागद मागून घेतला, उभ्यानेच संमतीपत्र लिहिले की सदर शेडमधील माझ्या जागेपैकी दोन फूट जागा याकूबचाचांस देण्यास माझी कोणतीही हरकत नाही, आणि सुताराकडून टेबल कापून घेतले.

चाचांनी माझे आभार मानले असतील, असे वाचकांस वाटेल. त्यांनी कापलेल्या कडेवरून हात फिरवला, एका ठिकाणी कुसळ लागेल म्हणून कानस घेऊन ती घासून गुळगुळीत केली, आणि म्हणाले, “बघा, कुणाच्या हातून देईल सांगता येत नाही. तुमच्या हातून देईल असं तर मला कधीच वाटलं नव्हतं.” प्रकाश इतका हसला की त्याच्या स्टँडवरचे दोन चष्मे खाली पडले.

आता आम्ही तिघे शेडमध्ये बसतो. माझ्या मनगटावर चांगले घड्याळ आहे. तरी दिवसातून तीन-चार वेळा मी विचारतो, “याकूबचाचा, वाजले किती हो?” ते पेटीतून आपले जुने घड्याळ शोधून काढतात, भिंग लावतात आणि मिनिटासह वेळ सांगतात. त्यांना माझे घड्याळ दिसत नसेल असे मी समजत नाही. नजर ज्याचा व्यवसाय आहे, त्याला एवढे दिसतेच.

संध्याकाळी ते पेटी खांद्याला लावून निघतात, सावकाश आवार ओलांडतात, आणि फाटकाशी पोचले की मी पुन्हा एकदा मोठ्याने हाक मारतो, “ओ चाचा!” काम काही नसते. ते वळतात, काय म्हणून विचारत नाहीत, हात वर करतात, आणि जातात.